मठाची निवासी शाळा बंद का पडते, आणि वाचते कशी

२०१७च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या सिस्टर्शियन कॉलेज, रॉसक्रे या शाळेने जाहीर केलं, की आता शाळा चालवणं शक्य नाही. नावात कॉलेज असलं तरी ही मुलग्यांची निवासी माध्यमिक शाळा. माउंट सेंट जोसेफ या कॅथलिक मठाच्या आवारात ती १९०५ साली सुरू झाली. देशाचे माजी पंतप्रधान ब्रायन कावेन इथलेच विद्यार्थी. बंद करण्याचं कारण एका ओळीचं होतं: मुलं येईनाशी झाली. ज्यांची मुलं त्या रात्री तिथल्या खाटांवर झोपली होती, त्या आईबापांना ही बातमी भर शैक्षणिक वर्षात ऐकावी लागली. पण ते आणि जुने विद्यार्थी नुसते हळहळत बसले नाहीत. त्यांनी पैसे उभे केले, पुढची योजना मांडली, आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. शाळा चालू राहिली.

अशी बातमी वाचली की डोक्यात दोन प्रश्न येतात. शंभर वर्षांची शाळा, भोवती मठाची शेती, नावाजलेले माजी विद्यार्थी, वर भरभक्कम फी, मग पैसे संपतात कसे? आणि काल जे अशक्य होतं ते दोन-चार दिवसांत शक्य कसं होतं?

हे प्रश्न आता पुन्हा समोर आलेत. जानेवारी २०२५मध्ये आयर्लंडमधला माउंट मेलरे हा जवळपास दोनशे वर्षांचा मठ बंद झाला आणि तिथले उरलेले मठवासी रॉसक्रेच्या मठात राहायला आले. रॉसक्रेचा मठ १८७८ साली मेलरेच्याच मठवासीयांनी उभा केला होता. म्हणजे म्हातारपणी आई लेकीच्या घरी आली. त्याच महिन्यात शेजारच्या ब्रिटनने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लावला, आणि तिथल्या कॅथलिक निवासी शाळांचे पालकही हिशेब मांडायला बसले. दोन्ही देशांचे कायदे वेगळे आहेत, पण दुखणं बरंचसं एकच आहे. मी मुख्यतः आयर्लंडच्या अंगाने ते सांगतो.

### शाळा नेमकी कोणाची?

कॅथलिक शाळा म्हटलं की वाटतं, ही रोमच्या हाताखालच्या एखाद्या प्रचंड संस्थेची शाखा असणार. एका शाखेला तोटा झाला तर मुख्य कचेरी भरून काढेल. प्रत्यक्षात ही एकाच आडनावाची, पण चुली वेगळ्या असलेली घरं आहेत. शाळा बहुतेक वेळा एखाद्या व्रतस्थ संघाने काढलेली असते. व्रतस्थ संघ म्हणजे संपत्तीचा त्याग, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या पुरुषांचा किंवा स्त्रियांचा समुदाय. जेझुइट, बेनेडिक्टाइन, सिस्टर्शियन हे असे संघ. त्यातही बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन परंपरेत एकेक मठ आपापला कारभार पाहतो. शेती, इमारती, कर्ज, म्हाताऱ्या सदस्यांचं औषधपाणी, सगळं त्याच मठाच्या खात्यावर. पोपकडून चेक येत नाही, शेजारच्या मठाकडूनही येत नाही, कारण शेजारच्या मठाचीही तीच गत असते.

वर धर्माचा आणि राज्याचा असे दोन कायदे. चर्चच्या कायद्याप्रमाणे बिशपच्या किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणतीही शाळा स्वतःला कॅथलिक म्हणवू शकत नाही. शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, मुलांची सुरक्षा मात्र देशाच्या कायद्याने ठरते. शाळेचं बोर्ड या दोघांच्या मध्ये उभं असतं. ते रोजचा कारभार पाहतं, पण जमीन आणि इमारत अनेकदा त्याच्या मालकीची नसते. म्हणून "शाळा बंद करायचं कोणी ठरवलं?" या प्रश्नाला पालकांना कधीच एका नावाचं उत्तर मिळत नाही आणि त्यांची चिडचिड होते. ती चिडचिड मला रास्त वाटते.

### वहीत कधीच न लिहिलेला पैसा

सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

१९५०च्या सुमाराची एक मठाची शाळा डोळ्यांसमोर आणा. गणित शिकवायला फादर, लॅटिन शिकवायला फादर, दवाखाना सांभाळायला ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला मठवासी, शेतातून दूध-बटाटे आणणारेही ब्रदर. यांतल्या कोणाचंही स्वतःचं बँक खातं नाही. सहाव्या शतकात लिहिलेल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतच सांगितलंय, की मठवासीयाने स्वतःचं म्हणून काहीही ठेवू नये, अगदी लेखणीसुद्धा नाही.

आयर्लंडमध्ये या व्यवस्थेला एक खास जोड होती. मान्यताप्राप्त माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकार देत असे, मग तो शिक्षक मठवासी असो की संसारी माणूस. मठवासीयाच्या नावाने आलेला पगार व्रतामुळे त्याच्या खिशात जात नसे. तो मठाकडे जाई आणि त्यातला मोठा भाग मठ परत शाळेत घाली. नवं छप्पर, प्रयोगशाळा, गरीब घरच्या मुलाची माफ केलेली फी, हे सगळं त्यातून निघे. सरकारचा पैसा पगार म्हणून निघायचा आणि देणगी होऊन शाळेत परत यायचा. शाळेच्या वहीत याला कुठे 'अनुदान' म्हटलेलं नसे. कारण ते लिहावं असं कोणाला वाटलंच नाही; ती तर जगण्याची रीत होती.

दहा मठवासी शिक्षकांपैकी एक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी बायको-मुलं असलेला शिक्षक आला, की त्याचा पगार त्याच्या घरी जातो. जायलाच हवा. पण त्या दिवसापासून शाळेचं एक उत्पन्न बंद होतं आणि ते कोणत्याही ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाही. हे तीस-चाळीस वर्षं हळूहळू चालतं. शेवटचा फादर खडू खाली ठेवतो तेव्हा शाळा आतून पोकळ झालेली असते, बाहेरून मात्र तीच देखणी दगडी इमारत उभी असते.

हा ओघ साऱ्या पाश्चात्त्य जगात आटला. अमेरिकेत १९६५ साली सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. आज ४० हजारांहून कमी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वयोवृद्ध. १९५०मध्ये तिथल्या कॅथलिक शाळांतले दहापैकी नऊ शिक्षक व्रतस्थ किंवा धर्मगुरू होते. आता शंभरात तीनही नाहीत.

शिकवणं तरी दिवसाचं काम. निवासी शाळेचा खरा भार रात्रीचा असतो. रात्री दोन वाजता तेरा वर्षांच्या एका मुलाला ताप चढतो. घरापासून दूर आलेला, पहिलंच वर्ष. तो अंधारात चाचपडत व्हरांड्याच्या टोकाच्या दारावर टकटक करतो. पूर्वी त्या दारामागे एक मठवासी झोपलेला असे. तो उठे, कपाळाला हात लावी, पाणी देई, आणि पहाटेच्या प्रार्थनेला हजरही असे. याचे पैसे कोणी मोजले नाहीत.

आता त्या दारामागे नोकरीवरची व्यक्ती असते. १९९७च्या आयरिश कायद्याप्रमाणे तिचे कामाचे तास आठवड्याला सरासरी ४८च्या वर जाता कामा नयेत. युरोपीय न्यायालयाने २०००पासूनच्या निकालांत स्पष्ट केलंय, की कामाच्या जागी थांबून सज्ज राहणं हेही कामच. म्हणजे एका माणसाच्या जागी पाळीने येणारे तिघे-चौघे. प्रत्येकाची पोलीस पडताळणी, प्रत्येकाला बालसुरक्षेचं प्रशिक्षण. हे सगळं व्हायलाच हवं. ते व्हायला हवं होतं तेव्हा झालं नाही, याची किंमत मुलांनी मोजली आहे. त्याकडे पुढे येतो. पण हा खर्च आता फीतूनच निघतो.

### एका वाईट सप्टेंबरची किंमत

आता थोडं गणित. खालचे आकडे समजण्यासाठी मी घेतले आहेत, कोणत्याही खऱ्या शाळेचे नाहीत.

समजा शाळेत सहा इयत्ता, प्रत्येकीत ४० मुलं, एकूण २४०. प्रत्येकाची वर्षाची फी १३,००० युरो. मुलागणिक होणारा खर्च, म्हणजे जेवण, कपडे धुणं, पुस्तकं, ४,००० युरो. उरले ९,०००. या उरलेल्या पैशांतून स्थिर खर्च भागवायचा. मुलं कमी झाली तरी जो कमी होत नाही तो स्थिर खर्च: छप्पर, विमा, मुख्याध्यापक, रात्रपाळी, मैदान. तो समजा २० लाख युरो. २४० मुलांकडून २१ लाख ६० हजार येतात. शाळा सुखात चालते.

मुलं १६० झाली की येतात १४ लाख ४० हजार. तूट ५ लाख ६० हजारांची. ती फी वाढवून भरायची तर प्रत्येक घरावर ३,५०० युरोंचा जादा बोजा, आणि त्या बोजाने आणखी वीस घरं मुलाला काढून घेणार. मग पुन्हा वाढ.

खर्च का कमी होत नाही ते एका बॉयलरवरून कळतं. ४० मुलांसाठी बांधलेल्या लांबलचक शयनगृहात ११ मुलं झोपत असली, तरी हिवाळ्यात तापवावं लागतं सगळं शयनगृह. भिंती शंभर वर्षांच्या, खिडक्या उंच, नळ जुने. अकरा खाटांपुरती ऊब विकत मिळत नाही. मुलं एका टोकाला हलवून दुसरं टोक बंद केलं, तर बंद टोकात ओल धरते आणि दोन वर्षांनी छताची दुरुस्ती निघते.

शिक्षकांचंही तसंच. आयर्लंडमध्ये सरकार फी घेणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांचेही पगार देतं, पण कमी प्रमाणात. मोफत शाळेत साधारण १९ मुलांमागे एक शिक्षक, तर फी घेणाऱ्या शाळेत २३ मुलांमागे एक. आपल्या उदाहरणात २४० मुलांवर दहा शिक्षक मिळाले असते, १६०वर सात. पण इंग्रजी, आयरिश, गणित, इतिहास, रसायनशास्त्र, फ्रेंच हे विषय एक तृतीयांशाने कमी होत नाहीत. रसायनशास्त्राला सहाच मुलं असली तरी शिक्षक पूर्ण लागतो. एक तर त्याचा पगार फीतून द्यायचा, नाहीतर विषय बंद करायचा. विषय बंद केला की तो घ्यायचा असलेला मुलगा दुसरीकडे जातो.

सगळ्यात क्रूर भाग प्रवेशाचा. समजा एका सप्टेंबरला पहिल्या वर्षाला ४०च्या ऐवजी १५च मुलं आली. ही २५ जणांची पोकळी त्या एका वर्षात भरून निघत नाही. ती पुढे दुसरीत जाते, मग तिसरीत, अशी सहा वर्षं शाळेतून सरकत राहते. मध्येच निवासी शाळा बदलणारी मुलं थोडीच असतात. दरवर्षी सव्वादोन लाख, सहा वर्षांत साडेतेरा लाख युरो. एकाच वाईट सप्टेंबरची ही किंमत. म्हणून बोर्डाला बंद पडण्याची चाहूल लागते ती बँकेच्या खात्यातून नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती आलेल्या पुढच्या वर्षाच्या प्रवेश-अर्जांच्या गठ्ठ्यातून. रॉसक्रेची घोषणा फेब्रुवारीत का झाली असावी, ते इथे उमगतं.

### मग मुलं गेली कुठे?

१० सप्टेंबर १९६६ रोजी आयर्लंडचे शिक्षणमंत्री डोनॉ ओमॅली यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ती अमलात आली. सोबत लांबच्या मुलांसाठी मोफत बस सुरू झाली. माझ्या मते निवासी शाळांना मोफत शिक्षणाइतकाच धक्का या बसने दिला. तोवर खेड्यातल्या शेतकऱ्याला मुलाला प्राथमिक शाळेच्या पुढे शिकवायचं तर त्याला दूर पाठवणं भाग होतं. आता बस फाट्यावर येऊ लागली आणि मुलगा संध्याकाळी घरी परतू लागला. देशाचं एक मोठं भलं झालं, आणि त्याच भल्याने निवासी शाळेची गरज संपत गेली. लिमरिकजवळची मंग्रेट ही जेझुइट निवासी शाळा १९७४ साली बंद झाली.

घरंही लहान झाली. १९६०च्या दशकात तिथे एका बाईला सरासरी चार मुलं होत. आता दोनही नाहीत. पाच भावंडांतला एक दूर शिकायला जाणं वेगळं, आणि दोघांतला एक जाणं वेगळं. आईच्या जिवाला ते सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मठाच्या निवासी शाळेची स्पर्धा असते ती बहुतांशी जवळच्याच दुसऱ्या कॅथलिक शाळेशी, जी मोफत आहे. विखुरलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना आपल्या पंथाची शाळा जवळ मिळत नाही, म्हणून त्यांच्या मुलांच्या फीसाठी आयरिश सरकार वेगळं अनुदान देतं. कॅथलिक घराला हा आधार मागता येत नाही, कारण त्याच्या धर्माची शाळा कोपऱ्यावरच आहे. त्यामुळे "आम्ही कॅथलिक आहोत" एवढं सांगून निवासी शाळेला मूल मिळत नाही. खेळ, संगीत, अभ्यासाची शिस्त, सोबत राहून जुळणारी मैत्री, यांतलं काहीतरी तिला दाखवावं लागतं.

आणि विश्वास. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. मे २००९मध्ये संस्थांमधल्या मुलांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा अहवाल आला. तो मुख्यतः राज्याने धाडलेल्या मुलांच्या औद्योगिक शाळांविषयी होता, फी भरणाऱ्यांच्या निवासी शाळांविषयी नव्हे. पण सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या दुसऱ्या अहवालाने व्रतस्थ संघांच्या साध्या आणि निवासी, दोन्ही प्रकारच्या शाळांकडे बोट दाखवलं: ३०८ शाळांमधून लैंगिक अत्याचाराच्या २,३९५ तक्रारी, ८८४ आरोपी. रात्री दार ठोठावणाऱ्या ज्या मुलाचं मी वर लिहिलं, तशा किती मुलांना ते दार ठोठावायची भीती वाटली असेल, हे आठवल्याशिवाय जुन्या दिवसांविषयी हळवं होण्याचा हक्क कोणालाच नाही. शाळा वाचवायला निघालेल्यांनी हे सगळ्यात आधी आणि स्वतःहून बोलावं. ज्या बैठकीत हा विषय टाळला जातो, तिथून पालक शांतपणे उठून जातात आणि अर्ज भरत नाहीत.

### "मठाची एवढी जमीन आहे, विका की!"

ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. तिच्यात तथ्य आहे, पण अडचणीही बऱ्याच आहेत.

जमीन मठाची असते, शाळेची नाही, आणि तीच उरलेल्या वृद्ध मठवासीयांच्या पोटापाण्याचा, शुश्रूषेचा आधार असते. ज्यांनी आयुष्यभर पगार घेतला नाही त्यांच्यासाठी बाजूला टाकलेली पुंजी क्वचितच असते. अत्याचारग्रस्तांची भरपाईही काही संघांना याच मालमत्तेतून द्यायची आहे, आणि त्यांचा हक्क शाळेच्या आधी येतो. चर्चच्या कायद्यात कायमस्वरूपी मालमत्ता विकायला वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर थेट रोमची. देशाचा कायदा सांगतो, की धर्मादाय मालमत्तेचा पैसा धर्मादाय कामातच लागला पाहिजे.

हे सारं पार करून शेत विकलंच, तर? एकदा पैसे येतात. वर्षाची तूट साडेपाच लाखांची असेल तर ते तीन-चार वर्षांत संपतात, आणि मग शेतही नाही, शाळाही नाही. शेतकरी याला बियाणं दळून खाणं म्हणतो. विकलेल्या पैशांतून शयनगृह लहान आणि उबदार करणार असाल, बॉयलर बदलून दरवर्षीचा खर्च खाली आणणार असाल, तर गोष्ट वेगळी.

### "माजी विद्यार्थी श्रीमंत आहेत, त्यांनी द्यावेत"

ते देतात. रॉसक्रेला दिलेही. पण इथे एका वर्षाचे पैसे आणि दरवर्षीचे पैसे यांतला फरक समजून घ्यावा लागतो.

बंद होण्याची घोषणा ही अफवा पसरलेल्या बँकेसारखी असते. बँक बुडणार म्हटलं की धडधाकट बँकेतूनही लोक पैसे काढायला धावतात आणि ती खरोखर बुडते. शाळा बंद होणार असं कानावर आलं की पालक मुलासाठी दुसरी जागा शोधू लागतात. त्यांना दोष देता येत नाही. मुलाचं वर्ष पणाला लागलेलं असतं. पण त्यामुळे घोषणेआधी ४० अर्ज असतील तर घोषणेनंतर २० उरतात. म्हणून बचावाच्या पहिल्या काही दिवसांत उभ्या केलेल्या पैशाचं मुख्य काम असतं धीर देणं. "पुढची तीन वर्षं तूट आली तर आम्ही भरू" अशी लेखी हमी बोर्डाच्या हातात पडली, की बोर्ड पालकांना सांगू शकतं, 'आज प्रवेश घेतलेला मुलगा मध्येच रस्त्यावर येणार नाही.' काल अशक्य होतं ते आठवड्यात शक्य होतं ते असं: शाळा त्या दिवसांत श्रीमंत झालेली नसते, तिला मुदत मिळालेली असते.

ती मुदत कशात घालवायची, हा पुढचा सगळा संघर्ष. भावनेच्या भरात आलेली देणगी दुसऱ्या वर्षी निम्मी आणि तिसऱ्या वर्षी नावापुरती होते. म्हणून जाणती मंडळी पहिल्याच आठवड्यात दोन वह्या करतात. एकीत देणग्या. दुसरीत, कोण आपलं मूल किंवा नातलगाचं, शेजाऱ्याचं मूल पुढच्या सप्टेंबरला पाठवणार त्याची नावं. दुसऱ्या वहीतली २५ नावं पहिल्या वहीतल्या साडेतेरा लाखांच्या तोलाची, हे आपण वर पाहिलंच. माजी विद्यार्थ्याकडे चेक मागणं सोपं असतं. "तुझा मुलगा पाठवशील का?" हे विचारायला धीर लागतो, कारण त्याचं प्रामाणिक उत्तर अनेकदा "नाही" असतं, आणि शाळेने काय बदलायला हवं ते त्या "नाही"च्या पाठोपाठच्या वाक्यात असतं.

बहुतेक शाळा मग दार रुंद करतात. आठवडाभर राहून शनिवार-रविवार घरी जाण्याची सोय. दिवसा येऊन संध्याकाळी परतणारी मुलं. मुलींना प्रवेश, जसा इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्टने दिला. परदेशातले विद्यार्थीही येतात, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवणं धोक्याचं. एखाद्या देशाचे व्हिसाचे नियम बदलले किंवा साथ आली की एका हंगामात शयनगृह ओस पडतं.

### "फी परवडणाऱ्यांच्या शाळेसाठी एवढा जीव का टाकायचा?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. फी भरू शकणाऱ्यांच्या शाळेतले पगार सरकारने का द्यावेत, असं आयर्लंडमध्ये अनेकजण विचारतात. शाळांचं उत्तर असं: ही मुलं उद्या मोफत शाळेत गेली तर सरकारला १९ला एक या हिशेबाने अधिक शिक्षक आणि वर चालू खर्चाचं अनुदान द्यावं लागेल, त्यामुळे आम्ही सरकारचे पैसे वाचवतोच. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण या दोन प्रकारच्या शाळांमधल्या मुलांतली दरी त्या हिशेबाने बुजत नाही, हेही तितकंच बरोबर.

तरीही ज्या शाळेत काही खाटा कायम फीमाफीच्या असतात, ती वाचवण्यासारखी असते असं मी म्हणेन. घरी अभ्यासाला कोपरा नसलेला मुलगा, आई आजारी असलेला, आईवडील दूरदेशी कामाला असलेला, यांना निवासी शाळा जे देते ते बसने येऊन-जाऊन मिळत नाही. आणि तूट आली की पहिली कात्री याच खाटांवर चालते. शाळा वाचवताना त्या खाटा गेल्या असतील, तर नेमकं काय वाचवलं ते मला सांगता येणार नाही.

बंद पडण्याचे चटके सगळ्यांना सारखे बसत नाहीत, हेही बघा. सरकारी पगारावरच्या कायम शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याची योजना आयर्लंडमध्ये आहे. स्वयंपाकघरातल्या बाया, धुलाईवाले, रात्रपाळीवाले, माळी यांना ती नाही, आणि आडगावात तेवढ्या नोकऱ्या देणारं दुसरं ठिकाणही नसतं.

### "मठवासीच नसतील तर ती कॅथलिक कसली?"

याचं उत्तर आता शाळा प्रत्यक्षात शोधताहेत. २००८ साली आयर्लंडमधल्या ख्रिश्चन ब्रदर्स या व्रतस्थ संघाने आपल्या शाळा एडमंड राइस स्कूल्स ट्रस्ट या संसारी माणसांच्या विश्वस्त संस्थेकडे सोपवल्या. इंग्लंडमध्ये डाउनसाइड शाळेचा कारभार २०१९मध्ये मठापासून वेगळा झाला. २०२२मध्ये मठवासी ते आवार सोडून गेले, आणि शाळा चालू आहे. म्हणजे धनी गेले आणि घर राहिलं.

वेगळं होणं नुसतं आर्थिक नसतं. इंग्लंडमधल्या अँपलफर्थ शाळेवर मुलांच्या सुरक्षेतल्या त्रुटींमुळे नोव्हेंबर २०२०मध्ये शिक्षण खात्याने नवे विद्यार्थी घेण्याची बंदी घातली. वर जे गणित मांडलं त्यात एक सप्टेंबर कोरडा जाणं म्हणजे काय, हे आठवा. एप्रिल २०२१मध्ये ती बंदी उठली. दरम्यान मठ आणि शाळा यांच्यात अंतर किती, मुलांविषयी शेवटचा शब्द कोणाचा, हाच प्रश्न ऐरणीवर होता. सुरक्षा ही इथे सरळ शाळेच्या जगण्याची अट झाली.

मठवासीयांवाचून कॅथलिकपण टिकतं का, याबद्दल श्रद्धावंतांमध्येच दोन मतं आहेत. काहींना वाटतं, पहाटेची प्रार्थना ज्या आवारात थांबली तिथे उरते फक्त पाटी. इतरांचं म्हणणं, आजारी मुलाजवळ रात्री बसणारी आया व्रतस्थ नसली तरी ते काम तेच आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्यांचं दुःख मी हलकं मानत नाही.

### वाचवायची असेल तर काय विचारायचं

शाळेच्या प्रवेशदिनाला जाणाऱ्या पालकाला मैदान, चॅपल, नवी प्रयोगशाळा दाखवतात. ती बघावी. मग मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन विचारावं: पुढच्या सप्टेंबरसाठी पहिल्या वर्षाला आजवर पक्के अर्ज किती आले? गेल्या तीन वर्षांत किती आले होते? इमारत कोणाच्या नावावर आहे, आणि शाळेचा भाडेकरार किती वर्षांचा? तूट आली तर ती कोण भरणार, लेखी आहे का? रात्री दोन वाजता मुलाने दार ठोठावलं तर ते कोण उघडतं, आणि त्याची पडताळणी शेवटची कधी झाली?

या पाचही प्रश्नांची उत्तरं न अडखळता देणारा मुख्याध्यापक भेटला, तर अर्ज घरी नेऊन विचार करत बसू नका. तिथेच भरून द्या. आपल्या उदाहरणातल्या शाळेत तो सोळावा अर्ज असेल.